आधारवर्ष

सीमारेषा मीच ओढली होती,
जांभळ्या पेनाने, कारण लाल संपलं होतं.
गार्नेट स्ट्रीटच्या वरच्या टोकापासून धान्याच्या कोठारांपर्यंत,
तिथून नदीच्या कडेने,
बंद पडलेला वॉशिंग मशीनचा कारखाना कवेत घेऊन परत.
मध्येच एक खाच.
तिथे चर्च होतं. चर्चला कर नसतो,
आणि नसलेल्याची वाढ मोजता येत नाही.

ठरावात शब्द होता : करपा.
बटाट्याला लागतो, टोमॅटोला लागतो,
तसा वस्तीलाही लागलाय हे आधी सिद्ध करावं लागतं.
मी रकाने भरत गेले.
फुटपाथला तडे : हो. रिकामे गाळे : चौदा.
गळकी छपरं : बहुतेक.

थॅडियस वॉयनार काउंटरवर आला,
बूट दुरुस्त करणारा, अंगठ्यावर सरसाचा वाळका थर.
"माझ्या दुकानाला कुठे आहे करपा?"
म्हटलं, तुमच्या एकट्याचं नाही, सगळ्या रस्त्याचं आहे.
"मग फवारणी माझ्यावर का?"
या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

एकतीस डिसेंबरला आकडा गोठवला.
शाळा, वाचनालय, बाग, अग्निशमन दल,
सगळ्यांनी आजच्या किमतीवर तेवीस वर्षं भागवायचं.
वर जे उगवेल ते वेगळ्या डब्यात,
त्या डब्यातून दिवे, गटारं, कारखान्याच्या नव्या मालकाला हातभार.
तुरी अजून बाजारात होत्या
आणि आम्ही रोखे विकूनही मोकळे झालो होतो.

कलम सात :
*हे नसतं, तर इथे काहीच झालं नसतं.*
खाली सही. माझी, साक्षीदार म्हणून.
जर-तरला मी साक्षीदार.

झालं मात्र बरंच.
हे लपवणार नाही. पहिल्या संध्याकाळी दिवे लागले
तेव्हा वॉयनार दुकानाबाहेर येऊन उभा राहिला,
आपल्याच सावलीकडे बघत म्हणाला, "स्वच्छ पडते."
कारखान्यात फ्लॅट झाले, तळाशी बिअर गाळणारे आले,
गाळे भरले, भाव चढले.
आकडा गोठला होता तो शाळेसाठी,
वॉयनारसाठी नाही. त्याचं बिल दर वर्षी वितळत आलं,
दाराखालून पाणी यावं तसं.
नवव्या वर्षी तो मुलीकडे गेला, डब्यूकला.
शिलाईचं मशीन न्यायला दोन माणसं लागली.

आणि ओडेसा प्रुइट,
सकाळी पिवळी बस चालवायची, रात्री शाळेच्या मंडळात बसायची.
उठून म्हणाली, त्या फ्लॅटांमधून बासष्ट मुलं
माझ्या बसमध्ये चढतात.
त्यांच्या आईबापांचा कर तुमच्या डब्यात
आणि मुलं आमच्या वर्गात.
संगीताचे मास्तर गेले, ट्रॉम्बोन कपाटात आहेत,
किल्ली माझ्याकडे आहे, हवी तर घ्या.
कुणी घेतली नाही.
इतिवृत्तात मी लिहिलं : *चर्चा झाली.*

तेवीस वर्षं. माझे गुडघे गेले, तीन महापौर गेले.
कधी कधी संध्याकाळी मी दुसऱ्या गार्नेट स्ट्रीटवरून चालते,
जो घडलाच नाही त्यावरून.
तिथे कारखाना पडकाच आहे? की कुणी दुसऱ्यानेच,
डब्याशिवाय, उशिरा का होईना,
एक एक खिडकी बसवली?
वॉयनार आहे? ट्रॉम्बोन ऐकू येतो?
तिथे दिवे नाहीत, मला नीट दिसत नाही.

डिसेंबरात झाकण उघडायचं होतं.
नोव्हेंबरात प्रस्ताव आला : आणखी बारा वर्षं.
चर्च विकलं गेलंय, आत भिंती चढण्याची जिम आहे,
आता तिथे कर लागतो.
नवी साहेबीण म्हणाली, नकाशा तोच ठेवा,
फक्त ती खाच बुजवा.

ड्रॉवरमध्ये या वेळी लाल होतं.
मी टोपण काढलं, कागदावर टेकवलं,
आणि विचारलं,
"कलम सातवर साक्षीदार कोण?"
ती म्हणाली, "नेहमीप्रमाणे."

टोपण कुठे घरंगळलं ते अजून शोधतेय.